चालून जाईल, सर

एका महिन्यात गाडीचं मागचं चाक चार वेळा बसलं. चारही वेळा पंक्चरवाल्याने ट्यूब बाहेर ओढली, घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बुडबुडे आले तिथे खूण केली, घासलं, सोल्यूशन लावलं, ठिगळ दाबलं आणि ट्यूब परत आत सारली. काटा सापडला का, असं मी प्रत्येक वेळी विचारलं. "नै सापडला, सर. गेला असंल निघून."

तीन वेळा मी ते खरं मानलं. जालना जिल्ह्यात काट्यांची वाण नाही. शिवाराच्या कडेने, नाल्याच्या काठाने, पडीक जमिनीवर सगळीकडे वेडी बाभूळ माजलेली आहे आणि तिचा वाळलेला काटा टायर सहज भेदतो. औद्योगिक वसाहतीच्या बाजूला गेलं तर रस्त्यावर भंगारातून पडलेल्या तारा आणि पत्र्याचे तुकडे असतात. गावात स्टीलच्या भट्ट्या आहेत, त्यांना भंगार लागतं आणि भंगाराच्या गाड्या सांडत जातात. म्हणून पंक्चर झालं की मी रस्त्यालाच दोष देत आलो.

चौथ्या वेळी मी ट्यूब हातात घेऊन पाहिली. महिन्याभरातली चारही ठिगळं ट्यूबच्या आतल्या अंगाला होती, रिमकडच्या. काटा रस्त्यावरून येतो, टायर फोडून बाहेरच्या अंगाने ट्यूबमध्ये शिरतो. रिमकडून काटा कसा येईल? मी रिमच्या आतून बोट फिरवलं. तारांच्या टोकांवरचा रबरी पट्टा कुजून तुटला होता आणि त्याखालच्या गंजाचे पापुद्रे कानशीसारखे खरखरीत झाले होते. माझ्या बोटालाही कापलं. महिनाभर ट्यूब त्यावर घासत होती.

चार वेळा ती ट्यूब हाताळणाऱ्या माणसाने एकदा हे बोट फिरवायला हवं होतं. त्याला काही यंत्र लागत नाही, वेळ लागत नाही. पैसे मागितले असते तर मी दिले असते. मी त्याला रिम दाखवली. तो म्हणाला, "जुनी गाडी आहे, सर. पट्टी टाकून देतो, चालून जाईल."

या "चालून जाईल"बद्दल मला पुढे दोन महिने जे भोगावं लागलं ते लिहितो आहे.

गाडी आबांची. हिरो होंडा स्प्लेंडर, २००१ सालची, नंबर एमएच २१ चा. त्या वर्षी मोसंबीला बरा भाव मिळाला आणि आबांनी रोखीने गाडी घेतली. ज्या दोन कंपन्यांची नावं तिच्या टाकीवर जोडून लिहिली आहेत त्यांनी डिसेंबर २०१० मध्ये वेगळं व्हायचं ठरवलं आणि २०११ पासून कंपनीचं नावही बदललं. आमच्या टाकीवर जुनं नाव अजून आहे. २०१६ साली पंधरा वर्षं भरली तेव्हा नोंदणीचं नूतनीकरण केलं, पर्यावरण कर भरला. २०२१ साली पुन्हा केलं. इंजिन अजून पहिल्या किकला सुरू होतं. मग चाकांनी काय केलं आहे की त्यांना पट्टी टाकून ढकलत न्यावं?

त्या चाकांनी २०१२-१३ चा दुष्काळ पाहिला आहे. त्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. शहराला पाणी देणाऱ्या घाणेवाडीच्या तलावाने तळ गाठला होता. घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या शेतावर आबा याच गाडीने पाणी वाहायचे. मागच्या सीटवर आडवी फळी बांधायची, दोन्ही बाजूंना एकेक कॅन, अशा दिवसाला सात-आठ खेपा. मागच्या टायरवर २.७५-१८ असं माप असतं आणि त्याच्या शेजारी ४८पी असं लिहिलेलं असतं. त्यातल्या ४८ चा अर्थ, हे टायर १८० किलो वजन पेलू शकतं. आबांना हा आकडा ठाऊक नव्हता, पण टायरने तो पाळला. रिमला मात्र एका जागी पोचा आला. झाडं निम्मी वाचली.

त्यामुळे "नवीन घ्या ना" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. दाजींनी तर एक दिवस जेवताना सांगितलं, "भंगारात द्या. भट्टी काय लांब आहे का?" जालन्यात लोखंडाचा शेवट ठरलेला आहे, तो वितळतो आणि त्याच्या सळया होतात. ही गाडी कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जावी असं मला वाटत नाही. मी दाजींना तसं सांगितलं. त्यांनी वरण मागितलं.

ठरवलं की चाकं पुरती सोडवायची. तारा नव्या, बेअरिंग नवे, टायर-ट्यूब नव्या, आणि दोन्ही रिमांना पुन्हा निकल.

आपल्याकडे सगळे निकल म्हणतात, पण वरची निळसर चमक असते ती क्रोमियमची. गंजापासून खरं राखणारा थर त्याच्या खाली असतो, तो निकलचा. त्याच्याही खाली बहुधा तांब्याचा. वरचा क्रोमियमचा थर इतका पातळ असतो की मायक्रॉनभरसुद्धा भरत नाही. डोळ्यांना दिसत नाहीत अशा भेगा त्यात असतात. खालचं निकल पातळ टाकलं किंवा घाईत टाकलं तर त्या भेगांतून ओल आत जाते आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. शिवाय गंजलेल्या लोखंडावर आधी पॉलिश करून सगळे खड्डे काढावे लागतात. ते काढले नाहीत तर चमक येते, पण चमकेखाली गंज तसाच जिवंत राहतो. म्हणजे या कामातलं निम्म्याहून जास्त काम असं आहे की ते झालं की नाही हे गिऱ्हाइकाला दिसत नाही.

जालन्यात मी चार ठिकाणी विचारलं. ज्या गावातून रोज ट्रक भरभरून सळई बाहेर जाते तिथे दोन रिमांना निकल करून द्यायला मला कुणी भेटलं नाही. गेट-ग्रील करणारे म्हणाले, पावडर कोटिंग करून देतो. पावडर कोटिंग वाईट नाही. कोरडी पावडर विजेच्या भाराने लोखंडाला चिकटवतात आणि १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजतात, तिचं घट्ट कवच तयार होतं. चिखलाच्या वाटेवरच्या गाडीला ते निकलपेक्षा जास्त टिकेलही. पण तारांची निपलं बसतात त्या भोकांत तो थर जाड होतो, तो खरवडून काढावा लागतो, आणि तिथूनच पुढे पाणी शिरतं. आणि आबांची रिम चमकायची. दिवाळीच्या आदल्या दिवशी रॉकेलचा बोळा घेऊन ते बसायचे आणि एकेक तार पुसायचे. मला ती चमक परत हवी होती, यापलीकडे माझ्याकडे कारण नाही.

म्हणून छत्रपती संभाजीनगर, साठेक किलोमीटर. समृद्धी महामार्ग जालन्याजवळून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे, आणि माझी दुचाकी त्या दिवशी विटांवर उभी होती. दोन्ही रिमा सुतळीने एकत्र बांधल्या आणि रेल्वेने गेलो. डब्यात एका आजोबांनी त्या हातात घेऊन पाहिल्या, बोटाने वाजवल्या आणि म्हणाले, जुनं लोखंड आहे, टिकंल.

निकलवाल्याने आठ दिवसांनी बोलावलं. आठव्या दिवशी गेलो तर रिमा कोपऱ्यात तशाच होत्या, माझ्या सुतळीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. "लाइट नव्हती." मी पुढचा गुरुवार मागून घेतला. गुरुवारी रिमा चमकत होत्या. मी त्या उजेडात धरल्या. चमकेच्या आत सुईच्या टोकाएवढे खड्डे होते, पोच्याच्या आजूबाजूला तर पुरळासारखे. पॉलिश न करताच टाकीत बुडवल्या होत्या. मी ते दाखवलं. त्याने रिम माझ्या हातातून घेतली, हाताभर लांब धरली आणि म्हणाला, "इतक्या लांबून कुठं दिसतंय?"

गाडीचं चाक मी हाताभर लांबून पाहत नाही. दर रविवारी शेजारी उकिडवा बसून पुसतो. मी रिमा तिथेच ठेवल्या आणि सांगितलं की जुना थर काढा, पोचा काढा, खड्डे घासा, मग निकल. वेगळे पैसे देतो. तेव्हा तो पहिल्यांदा नीट बोलला. म्हणाला, एवढं कुणी मागतच नाही, म्हणून पोरं करत नाहीत. हे त्याने खोटं सांगितलं असेल असं मला वाटत नाही. मी त्याला टाकीतल्या पाण्याचंही विचारलं, कारण या धंद्यातला क्रोमियम विषारी असतो आणि ते पाणी प्रक्रिया केल्याशिवाय नाल्यात गेलं तर विहिरी नासतात. त्याने मागच्या प्रक्रियेच्या टाकीकडे नेलं आणि दाखवलं. तिसऱ्या खेपेला रिमा मिळाल्या. त्या चांगल्या झाल्या आहेत. पोचा होता ती जागा आता मलाच सापडत नाही.

तारा भरायचं काम जुन्या जालन्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्तरींनी केलं आणि त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. एका चाकात छत्तीस तारा. मोटारसायकलचं चाक तारांवर उभं असतं असं आपल्याला वाटतं, पण तारा ताणलेल्या असतात, हब त्यांच्या ओढीत अडकलेला असतो. एक सैल झाली की तिचा भार शेजारणींवर जातो, मग त्यांतली एक तुटते. मिस्तरींनी चाक गाडीच्याच फोर्कमध्ये बसवलं, रिमच्या अगदी जवळ खडू धरला आणि चाक फिरवलं. जिथे खडू लागला तिथे आउट. मग एका निपलला पाव फेरा, समोरच्याला उलटा पाव फेरा. पुन्हा फिरवायचं. दोन चाकांचा आउट काढायला दुपार गेली. शेवटी त्यांनी पान्ह्याच्या टोकाने एकेक तार वाजवली. ताणलेली तार टणकन बोलते, सैल असेल ती ठप्प करते. एकोणीस की वीस क्रमांकाच्या तारेवर ते थांबले, पुन्हा वाजवली, मला म्हणाले, "सर, तार बोलती. सुननेवाला होना." मग तिला अजून थोडी दिली. नव्या तारा चार-पाचशे किलोमीटरनंतर थोड्या सैल पडतात, तेव्हा परत आणा, असंही त्यांनीच सांगितलं, मी विचारण्याआधी. त्यांनी घेतलेले पैसे मला कमी वाटले.

आता टायर.

टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. दुकानदाराने "एकदम फ्रेश माल" म्हणून जे टायर काढलं त्यावर २२१८ होतं. म्हणजे २०१८ सालचा बाविसावा आठवडा. आम्ही होतो २०२४ च्या जानेवारीत. मी बोट ठेवून दाखवलं. तो म्हणाला, "टायर काय दूध आहे का, सर, नासायला?"

टायर दूध नाही, पण रबर म्हातारं होतं. उन्हाने आणि हवेने त्यातली लवचीकता जाते, ते कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि दुकानदार टायरांची चळत दाराबाहेर उन्हात रचून ठेवतात, कारण आत जागा नसते. त्या टायरने असे पाच उन्हाळे काढले होते. मी नखाने दाबलं, वण उठला नाही. दुसरं दाखवा म्हटलं. दुसरं २०२३ चं होतं, पण ३.००-१८ मापाचं. "जाड बसेल, गाडी भारी दिसेल."

ही सूचना मला पुण्या-मुंबईत कुणी केली असती तर समजू शकलो असतो. जालन्यात दुकान टाकून बसलेल्या माणसाला काळी माती माहीत असायला हवी. आषाढात शेतरस्त्यावर ती चाकाला लडबडते, एकेका फेऱ्याला थर वाढतो, आणि टायर नि मडगार्ड यांच्यातल्या फटीत भरून चाक जाम होतं. मग काठीने उकरत बसावं लागतं. ती फट ही गाडीची गरज आहे. मडगार्ड तेच ठेवून टायर जाड केलं तर फट कमी होते. गाडी भारी दिसेल आणि जागेवर उभी राहील. मला २.७५ च हवं होतं, पुढे आणि मागे. पुढचं उभ्या रेघांच्या नक्षीचं, कारण त्याने वळताना चाक सरळ बोलतं. मागचं ठोकळ्यांच्या नक्षीचं. हे सगळं मी एका दमात सांगितलं आणि त्याने मागवून देतो म्हटलं. पाच दिवसांत आलं. म्हणजे मिळत होतं.

जुनी ट्यूब नव्या टायरात घालून देऊ का, असं पोराने विचारलं. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते. नव्या टायरात तिची घडी पडते आणि घडीवर ती फाटते. ट्यूब नवी, रबरी पट्टे नवे, हे मी कागदावर लिहून दिलं होतं. कागद गल्ल्यावर पडून होता.

मग बाण. टायरच्या बाजूला कोणत्या दिशेने फिरवायचं याचा बाण असतो. पुढचं टायर उलटं बसवलं गेलं. माझं लक्ष घरी आल्यावर गेलं, कारण दुकानात माझ्या हातात चहाचा कप दिला होता. संध्याकाळी परत गेलो. पोरगा चांगला होता, हसला आणि म्हणाला, "सर, बाण कोण बघतंय?" मी बघतो. बाण काढणाऱ्या माणसाने तो काही विचार करूनच काढलेला आहे, पाणी नक्षीतून बाहेर फेकलं जावं म्हणून, ब्रेकचा ताण रबराच्या जोडाला नीट यावा म्हणून. हे ऐकून पोराने चाक पुन्हा खोललं. टॉमी लावताना माझ्या नव्या निकलवर एक ओरखडा उठला. साधारण गव्हाच्या दाण्याएवढा आहे. व्हॉल्व्हपासून उजवीकडे चौथ्या तारेजवळ. टॉमीखाली फडक्याची घडी ठेवली असती तर उठला नसता. मी फडकं सोबत नेलं होतं, ते माझ्या पिशवीतच राहिलं. याची मला अजून रुखरुख आहे.

हवेबद्दल थोडक्यात. एकट्यासाठी या गाडीला पुढे २५ आणि मागे २८ पौंड हवा लागते. हवावाल्याने दोन्हीकडे ४० भरली. मी आकडे आधी सांगितले होते. "जादा हवा, जादा ॲव्हरेज, सर." जादा हवेने टायर दगडासारखं होतं, रस्त्याला कमी टेकतं, आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट त्या नव्या छत्तीस तारांवर जातो. मी काडीने व्हॉल्व्ह दाबून हवा सोडत होतो तेव्हा तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता. व्हॉल्व्हचं टोपण त्याने परत लावलं नाही. टोपण नसलं की धूळ जाते आणि हवा हळूहळू उतरते. मी ते मातीतून शोधून पुसून लावलं.

गाडी मात्र आता सरळ चालते. हँडल सोडलं तरी सरळ जाते. अंबडच्या रस्त्यावर पन्नासच्या वेगात जो थरकाप मागच्या सीटमधून कमरेत यायचा, त्याला आम्ही गाडीचं वय समजत होतो. तो आउट होता. पाच-सहा वर्षं आम्ही तो अंगावर घेतला, कारण प्रत्येक मेकॅनिकने सांगितलं की जुनी गाडी आहे.

शेवटची तक्रार जुन्या ट्यूबची. टायर बदललं की जुनं टायर, जुनी ट्यूब दुकानदाराची, असा रिवाज आहे. तो कुणी ठरवला ते मला माहीत नाही, माझी वस्तू न विचारता त्याची होते. टायर गेलं त्याचं काही नाही, त्याची नक्षी कायद्याने लागणाऱ्या ०.८ मिलिमीटरच्याही खाली गेली होती. पण मागची ट्यूब राखून ठेवा, असं मी दोनदा सांगितलं होतं. तिच्यावर महिन्याभरातली ती चार गोल ठिगळं होती, आणि बाहेरच्या अंगाला आबांनी स्वतः लावलेली तीन. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात भर दुपारी शेतात चाक बसायचं आणि पंक्चरवाला दोन कोसांवर असायचा. आबा जुन्या ट्यूबचा तुकडा कलमाच्या चाकूने चौकोनी कापायचे आणि चारही कोपरे गोल करायचे. कोपरा गोल केला की उचकटत नाही, म्हणायचे. सोल्यूशन लावून बोटावर शंभर मोजायचे, मगच चिकटवायचे. तशी ट्यूब कुणी एवढी वर्षं वापरत नाही, पण आम्ही वापरली.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा ट्यूब नव्हती. पोराने कापून पट्ट्या केल्या होत्या, सामान बांधायला लोक घेऊन जातात. कुणी नेल्या ते त्याला आठवत नव्हतं.

पंधरा दिवसांनी मंठा चौफुलीवर चहाच्या टपरीसमोर एक मोटारसायकल उभी होती, दोन बाजूंना दुधाचे कॅन. कॅन काळ्या रबराने कॅरिअरला आवळलेले होते आणि गाठीच्या वर एक चौकोनी ठिगळ होतं, कोपरे गोल केलेलं. दूधवाला चहा पीत होता, त्याची माझ्याकडे पाठ होती. रबर पार ताणलेलं होतं. मी जवळ जाऊन ठिगळाच्या एका कोपऱ्याखाली नख घालून पाहिलं. ते निघालं नाही.